कार्टून लिहिणारा माणूस आणि त्याची युनियन : अर्ल क्रेस

कातरवेळ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी भाचीबरोबर 'द फॉक्स अँड द हाउंड' पुन्हा पाहिला. १९८१ चा डिस्नेचा चित्रपट. कथेच्या श्रेयात आठ नावं येतात. भाचीला त्यांत काही रस नव्हता, पण माझी नजर दोन नावांवर थांबली : स्टीव्ह ह्युलेट आणि अर्ल क्रेस. एका कोल्ह्याची आणि कुत्र्याची गोष्ट जुळवणाऱ्या या दोघांनी पुढे हॉलिवूडच्या अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या युनियनसाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. ह्युलेट १९८९ ते २०१६ तिचा बिझनेस रिप्रेझेंटेटिव्ह होता, म्हणजे पूर्णवेळ पगारी पदाधिकारी. क्रेस उपाध्यक्ष होता, आणि पोटाचा धंदा मात्र लेखनाचाच. धागा क्रेसवर काढतेय, कारण तो माझ्या जातकुळीचा : टीव्हीच्या कार्टूनचा लेखक.

डिस्नेनंतर त्याची बहुतेक कारकीर्द टीव्हीवर गेली. 'अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स' लिहिलं, 'पिंकी अँड द ब्रेन' लिहिलं. ते दोन प्रयोगशाळेतले उंदीर, रोज रात्री जग जिंकायला निघणारे. त्या मालिकेसाठी त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला. पण मला त्याचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे २००० सालचा 'लिटल गो बीप' हा छोटा कार्टूनपट, कॅथलीन हेल्पी-शिप्ली यांच्याबरोबर लिहिलेला. रोडरनर या सुसाट पळणाऱ्या पक्ष्याच्या मागे धावणारा तो कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) आपल्याला मुका म्हणूनच ठाऊक आहे. इथे तो तान्हा आहे, आणि बाप त्याला बजावतो की रोडरनर हाती लागेपर्यंत बोलायचं नाही. बस्स. पन्नास वर्षांच्या मुकेपणाला एका वाक्यात कारण मिळालं, आणि पुढचं सगळं पुन्हा विनाशब्द.

कार्टूनमध्ये संवाद नसले की लोक विचारतात, मग लेखकाने केलं काय? मलाही घरी-दारी हे विचारतात. तर सांगते. नटासाठी लिहिताना 'तो दचकतो' एवढं पुरतं, दचकायचं कसं ते तो बघतो. आमच्याकडे ते दचकणं कोणीतरी काढणार असतं, आणि तो माणूस बहुधा दुसऱ्या शहरात, कित्येकदा दुसऱ्या देशात बसलेला असतो. त्याला फोन करून विचारायची सोय नसते. म्हणून कान आधी ताठ होतात की डोळे आधी मोठे होतात, कप हातातून सुटल्यावर लगेच पडतो की क्षणभर हवेत थांबतो, हे कागदावर लागतं. आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात, चित्रं नंतर हलतात. एकदा मुद्रण झालं की वाक्य बदलणं म्हणजे पुन्हा नट, पुन्हा स्टुडिओ, पुन्हा पैसा. बावीस मिनिटांच्या भागात एक ढिलं वाक्य राहिलं तर ते कायमचं राहतं.

आता युनियनची गोष्ट, जी मला खरं तर सांगायचीय.

अमेरिकेत चित्रपट-मालिकांचे लेखक रायटर्स गिल्डमध्ये असतात. कार्टूनचे लेखक मात्र फार मोठ्या संख्येने चित्रकारांच्या युनियनमध्ये आहेत : द अ‍ॅनिमेशन गिल्ड, आयएटीएसई या चित्रपट-नाटक कामगारांच्या महासंघाची 'लोकल ८३९', म्हणजे ८३९ क्रमांकाची शाखा. हिची सनद १९५२ ची, आणि आजचं नाव २००२ पासूनचं. लेखक चित्रकारांत कसे आले? कारण जुन्या काळी कार्टूनची गोष्ट लिहीत नसत, काढत असत. भिंतीवरच्या फळ्यावर टाचण्यांनी चित्रं लावायची, सगळ्यांसमोर उभं राहून ती 'खेळून' दाखवायची, हसू आलं नाही तर चित्र काढून टाकायचं. मायकल माल्टीज हा कार्टूनचा लेखक वॉर्नर स्टुडिओतून हॅना-बार्बेरा स्टुडिओकडे गेला तेव्हाही तो गोष्ट चित्रांतूनच मांडायचा. मग टीव्ही आला, कामाचा रेटा वाढला, टंकलेखित संहिता आल्या. लेखकाच्या हातातली पेन्सिल गेली, युनियन तीच राहिली.

याचा हिशेब मोठा आहे. रायटर्स गिल्डच्या लेखकाची मालिका पुन्हा दाखवली की त्याच्या नावाने रेसिड्युअल येतं, म्हणजे पुनःप्रक्षेपणाचा पैसा. लोकल ८३९ च्या करारात असा पैसा लेखकाच्या घरी येत नाही. रेसिड्युअलचा ओघ जातो तो पेन्शन आणि आरोग्याच्या सामाईक निधीकडे. कार्टूनला तर म्हातारपण नसतं, तीस वर्षांपूर्वीचा भाग आजही कुठल्यातरी देशात सकाळी सात वाजता लागतो. 'द सिम्पसन्स'चे लेखक १९९८ मध्ये रायटर्स गिल्डच्या छत्राखाली गेले, तसेच फॉक्सच्या रात्रीच्या आणखी काही कार्टून-मालिकांचेही. मुलांसाठी दिवसा लागणारी कार्टून लिहिणारे बहुसंख्य लेखक राहिले तिथेच.

क्रेस त्या युनियनच्या कार्यकारिणीत बसायचा. दिवसभर उंदरांना जग जिंकायला लावायचं आणि संध्याकाळी चित्रकार, रंगकाम करणारे, टायमिंग करणारे यांच्याबरोबर किमान दर, तास आणि विम्याचं बोलायचं. १९ सप्टेंबर २०११ ला तो गेला, कर्करोगाने, वय फक्त ६०.

हे सगळं मला इतकं का लागतं? २०१३ च्या सुमारास मी एका लहान स्टुडिओत होते, नाव घेत नाही. तेवीस भाग लिहून झाले होते. एका सोमवारी गेलो तर दाराला कुलूप. तीन महिन्यांचे पैसे बुडाले. आमच्यातल्या एका लेआउट आर्टिस्टच्या (दृश्यांची मांडणी काढणाऱ्या चित्रकाराच्या) बायकोचे दिवस भरत आले होते. आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून तिचं रुग्णालयाचं बिल भरलं. त्या रात्री घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं : आम्ही अकरा जण जे आज घाबरून, रडत, एकेक हजार काढून केलं, तेच कुठेतरी महिन्याच्या महिन्याला, न मागता, नियमाने होत असतं. त्यासाठी कोणीतरी माणूस लिहिण्यातून वेळ काढून बैठकीला गेलेला असतो.

या धंद्यातल्या, युनियनमधल्या, किंवा नुसतीच कार्टून पाहिलेल्या सगळ्यांनी लिहा.

---

आजोळ (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, फार आतून लिहिलंय. 'लिटल गो बीप' लगेच शोधून पाहिला. बापाचं ते वाक्य ऐकल्यावर कायोटीकडे पाहायची नजरच बदलली.

---

जुनाखेळिया (सोमवार, रात्री ११:०२)

उत्तम धागा. थोडी आधीची भर घालतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅनिमेशनवाल्यांचा पहिला मोठा संप १९३७ चा, न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत. पण सगळ्यांना ठाऊक आहे तो १९४१ चा डिस्नेचा. 'स्नो व्हाइट'ने अमाप पैसा मिळवला, बर्बँकला नवा स्टुडिओ उभा राहिला, आणि आत पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पडद्यावर नाव येणं हीसुद्धा कृपा. आर्ट बॅबिट हा तिथला अव्वल अ‍ॅनिमेटर, गूफीला त्याची ती चाल याच्यामुळे मिळाली. त्याला चांगला पगार होता. तरी तो कमी पगारवाल्यांच्या बाजूने उभा राहिला, म्हणून त्याला काढलं. २९ मे १९४१ ला संप सुरू झाला. ऑगस्टमध्ये वॉल्ट डिस्ने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि सप्टेंबरमध्ये समझोता झाला. युनियनला मान्यता, पगारवाढ, श्रेयनामावली. ताई, तुमच्या नजरेला पडली ती नावं तिथे आहेत, त्यामागे हे सगळं आहे.

आणि संपातून बाहेर पडलेल्यांतल्याच काहींनी पुढे यूपीए स्टुडिओ काढला. सपाट रंग, मोजक्या रेषा. अ‍ॅनिमेशनचा चेहरामोहरा त्यांनी बदलला.

---

शिवडीकर (मंगळवार, सकाळी ७:५०)

कातरवेळ ताई, लेख मनापासून आवडला. पण एक बाजू राहिली आणि ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या युनियनने १९७९ मध्ये संप केला, आणि पुन्हा १९८२ मध्ये. कशासाठी? काम परदेशी जाऊ नये म्हणून. त्याला ते 'रनअवे प्रॉडक्शन' म्हणतात, पळून गेलेलं काम. १९७९ मध्ये त्यांनी करारात कलम घालून घेतलं की गावातले सभासद कामाला लागल्याशिवाय काम बाहेर पाठवायचं नाही. मो गोलब अध्यक्ष होते. १९८२ चा संप ते कलम टिकवण्यासाठी होता. तो हरला, आणि कलम गेलं.

गेलं म्हणजे कुठे गेलं? आधी तैवान. हॅना-बार्बेराचं काम तैपेईच्या कक्कूज नेस्ट स्टुडिओमध्ये व्हायला लागलं होतंच. मग कोरिया, फिलिपिन्स. मग आपण. १९९९ ला तिरुवनंतपुरमला टून्झ स्टुडिओ सुरू झाला. मुंबईत क्रेस्ट, यूटीव्ही टून्झ. मी २००२ ला लागलो तेव्हा आमच्याकडे अमेरिकेहून खोकी यायची. आत स्टोरीबोर्ड (गोष्टीची क्रमवार चित्रं), मॉडेल शीट (प्रत्येक पात्र कसं काढायचं त्याचे नमुने), आणि एक्सपोजर शीटचा गठ्ठा. एक्सपोजर शीट म्हणजे उभा लांब कागद, सेकंदाला २४ ओळी, कुठल्या फ्रेमवर तोंड उघडं, कुठल्या फ्रेमवर बंद, सगळं तिकडून ठरून आलेलं. समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं : 'डोळा आधी, मग मान.' तो हात मला ओळखीचा झाला होता. माणूस कधी दिसला नाही.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ हे साल आमच्या घरात वेगळंच आहे. १८ जानेवारीला संप सुरू झाला तो रीतसर मिटलाच नाही. अडीच लाख माणसं. म्हणून संप हरणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण त्याच वर्षी तिकडे जो संप हरला, त्याच्यामुळे वीस वर्षांनी मला नोकरी मिळाली, आणि त्या पगारातून वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हे दोन्ही माझ्या पोटात एकत्र आहे. कुणाच्या बाजूने बोलू ते सांगा.

---

नीलमोहर (मंगळवार, सकाळी ९:२०)

शिवडीकर दादा, वाचून गलबलून आलं.

---

कातरवेळ (मंगळवार, दुपारी १:३०)

शिवडीकर दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ही बाजू माझ्याकडून राहिली, ती राहायला नको होती.

१९८२ मध्ये त्यांचं जे गेलं ते घेऊन आपण श्रीमंत झालो असं मला वाटत नाही. त्यांच्याकडचं काम आपल्याकडे आलं, त्या कामाला चिकटलेलं बाकीचं आलं नाही. पेन्शन नाही आली, विमा नाही आला, तासांची मर्यादा नाही आली. हे न आणता काम आणता येत होतं, म्हणून तर ते आलं. गिरण्यांच्या संपानंतर भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कापड विणणाऱ्याने गिरणीवाल्याची भाकरी हिसकावली असं तुमचे वडील म्हणाले असते का? मला वाटतं, नसते म्हणाले. बारा-बारा तास उभ्या असलेल्या त्या माणसाचे हाल त्यांना दिसले असते.

आणि दुसरी गोष्ट. खोक्यात स्टोरीबोर्ड यायचे, एक्सपोजर शीट यायची. गोष्ट यायची नाही, ती तिकडेच ठरलेली असायची. म्हणून लॉस एंजेलिसमध्ये चित्र हलवणारे कमी होत गेले तरी लेखक आणि स्टोरीबोर्डवाले टिकले, आणि युनियनमध्ये त्यांचं महत्त्व वाढलं. क्रेससारखा लेखक उपाध्यक्षपदी होता यात मला नवल वाटत नाही.

आता मात्र गोष्टही इकडे लिहिली जाते. हैदराबादला ग्रीन गोल्डने २००८ मध्ये 'छोटा भीम' आणला, मुंबईच्या कॉसमॉस-मायाने २०१२ मध्ये 'मोटू पतलू'. शेकडो भाग, तेच ते पुन्हा पुन्हा लागतात, घराघरांत मुलं ते बघत जेवतात. म्हणजे क्रेस ज्या टेबलावर बसायचा त्या टेबलावरचे सगळे प्रश्न आता आपलेच आहेत. दर भागामागे एकदा ठरलेली रक्कम, आणि नंतर तो भाग दहा वर्षं चालला तरी लेखकाचा त्याच्याशी संबंध संपलेला.

---

पश्चिमवारा (मंगळवार, रात्री ११:४८)

बर्बँकमधून लिहितोय. मी लेखक नाही, स्टुडिओत तांत्रिक बाजूला आहे, युनियनचा सभासद आहे. मूळचा सांगलीचा.

दोन गोष्टी. एक, आरोग्य विमा. इथे नोकरी आणि विमा एकमेकांना बांधलेले असतात. नोकरी गेली की विमा गेला. पण आमचा विमा एका स्टुडिओचा नसून सगळ्या चित्रपट-उद्योगाच्या सामाईक निधीचा आहे. तास भरत राहतात. एका ठिकाणचं काम संपलं, दुसरीकडे लागलं, तरी तास जोडले जातात. आमच्या धंद्यात प्रकल्प संपला की माणूस रिकामा होतो, त्यामुळे हे म्हणजे श्वास आहे. माझी मुलगी वेळेआधी जन्मली. सात आठवडे काचेच्या पेटीत होती. बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही. त्या वर्षात मी दोन स्टुडिओ बदलले होते. तास जोडलेले नसते तर आम्ही सांगलीचं घर विकलं असतं. रेसिड्युअल लेखकाच्या हातात यायला हवं हे ताईंचं म्हणणं पटतं, पण त्या सामाईक निधीला कमी लेखू नका.

दुसरी, लेखक एका युनियनमध्ये नसण्याचा तोटा. २००७-०८ च्या संपात रायटर्स गिल्डने अ‍ॅनिमेशनचे लेखक आपल्याकडे घेण्याची मागणी ठेवली होती, ती शेवटी सोडून दिली. २०२३ मध्ये रायटर्स गिल्ड पुन्हा संपावर गेलं, २ मे ते २७ सप्टेंबर. आमच्या इमारतीतले कार्टूनचे लेखक मात्र रोज कामावर येत होते, कारण ते आमच्या करारात, आणि करार चालू असताना संप करता येत नाही. सकाळी गेटवर ओळखीचे लेखक फलक घेऊन उभे, आणि आत जाणारेही लेखकच. मान खाली घालून जायचे बिचारे. एकदा आमच्या एका लेखिकेने सगळ्यांसाठी बर्फाचं पाणी आणि कलिंगडाच्या फोडी नेऊन दिल्या आणि मग आत आली. दिवसभर तिचे डोळे लाल होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमचाच मेळावा बर्बँकला झाला. लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक आले होते. विषय मुख्यतः एआयचा आणि काम परदेशी जाण्याचा. शिवडीकर दादा, परदेशी जाणाऱ्या कामाबद्दल घोषणा सुरू झाल्या तेव्हा मी गप्प होतो. माझा मावसभाऊ गोरेगावला कंपोझिटर आहे, म्हणजे चित्रांचे थर एकत्र जोडून दृश्य पुरं करणारा. करार डिसेंबरमध्ये मंजूर झाला.

---

शिवडीकर (बुधवार, सकाळी ८:१०)

पश्चिमवारा, मुलगी आता कशी आहे? पेन्सिलीने समासात लिहिणारा तो माणूस कदाचित तुमच्याच इमारतीत बसत असेल.

ताई, यंत्रमागाचं तुम्ही बरोबर बोललात. वडील अगदी तसंच म्हणायचे. संपानंतर दोन वर्षं तेही भिवंडीला जाऊन आले होते. तिथल्या मागवाल्यांबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही.

---

पश्चिमवारा (बुधवार, सकाळी ११:३५)

दादा, ठणठणीत. पाचवीत आहे. दिवसभर चित्रं काढते.

---

साक्षीदार (बुधवार, संध्याकाळी ६:०५)

मी वकील आहे, कॉपीराइटची कामं करते. ताईंनी लिहिलं की भाग लिहून दिला की लेखकाचा संबंध संपला. कायद्याने तसं नाही, आणि हे इथल्या प्रत्येक लेखकाला माहीत असायला हवं.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जीव तोडून भाषण केलं होतं. त्या दुरुस्तीनुसार चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरासाठी, रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. आणि हा हक्क लेखकाला सोडूनही देता येत नाही. म्हणजे करारात 'मी रॉयल्टीचा हक्क सोडत आहे' असं छापलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तरी ते वाक्य टिकत नाही. कायद्यातली चित्रपटाची व्याख्या दृश्य मुद्रणाची आहे, त्यात माणसं चालतायत की रेषा हा भेद नाही.

हक्क कागदावर आहे. तो वसूल एकेकट्याने होत नाही, तिथे संघटनाच लागते. ज्यांच्याकडे जुने करार आहेत त्यांनी ते फेकू नका. अगदी ईमेलवरचे, दोन ओळींचेसुद्धा. आणि संहिता स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेवा. ही मुंबईतली लेखकांचीच संघटना आहे, जुनं नाव फिल्म रायटर्स असोसिएशन.

---

नीलमोहर (बुधवार, रात्री ८:४०)

साक्षीदार ताई, मी एका मालिकेचे हिंदी संवाद लिहिते, मूळ कथा दुसऱ्याची. मला हे लागू होतं का? करारात माझा उल्लेख फक्त 'सेवा पुरवठादार' असा आहे.

---

साक्षीदार (बुधवार, रात्री ९:१५)

नीलमोहर, संवाद हेही लेखन आहे. उल्लेख काय केलाय त्यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय लिहून दिलंत ते महत्त्वाचं. पण करार पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं बरोबर नाही. तो घेऊन भेटा. पैसे घेणार नाही.

---

कातरवेळ (गुरुवार, रात्री १०:२०)

काल रात्री माळ्यावरची पेटी काढली. कुलूप लागलेल्या त्या स्टुडिओचा करार सापडला, चार पानं, तिसऱ्या पानावर चहाचा डाग. त्याखाली तेवीस भागांच्या छापील संहिता. नवव्या भागाच्या समासात आमच्या त्या लेआउट आर्टिस्टने पेन्सिलीने लिहिलंय : 'मांजर इथे हसणार की नाही? सांग, मग काढतो.' खाली माझं उत्तर आहे : 'नाही. फक्त शेपटी.'

त्याचा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्या आर्टिस्टला आज फोन केला, तोही यायला तयार आहे. शनिवारी अकरा वाजता आम्ही दोघं अंधेरीला असोसिएशनच्या कार्यालयात जातोय, त्याआधी साक्षीदार ताईंना करार दाखवायचा आहे. नीलमोहर, तुम्हीही या. आणखी कोणी येणार असेल तर इथेच लिहा, स्टेशनच्या पश्चिमेला भेटू. जुने करार बरोबर आणा.